चांदीच्या पंख्यातलं नाव

ठाण्यात टेंभी नाक्यावर विश्राम सोनाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दागिने करणारे सोनार ठाण्यात आणखीही होते, पण धातूवर अक्षर कोरायचं असलं की लोक विश्रामकडेच येत. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी साहेबलोकांच्या काठ्यांच्या मुठींवर, पेल्यांवर तो इंग्रजी नावं अशी कोरायचा की छापल्यासारखी दिसत. समोर कागद ठेवला की अक्षराचं वळण त्याच्या हातात उतरे.

१८८८ सालच्या मार्गशीर्षात हार्कोट साहेबांच्या बंगल्यावरून त्याला बोलावणं आलं. साहेब मिठागरांवरचा अंमलदार होता. दिवाळीनंतर विलायतेहून नवीन मडम घेऊन परतला होता, एवढं गावाला माहीत होतं. व्हरांड्यात टेबलावर चांदीची एक चहादाणी ठेवली होती. विश्रामनं तशी वस्तू आजवर पाहिली नव्हती. मूठ कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, पेरांसारखी घडवलेली. पोटावर डाव्या अंगाला कळकाची पानं, त्यांच्यातून उडणारे दोन करकोचे, एक अर्धा चंद्र, आणि खाली तिरका ठेवलेला उघडा पंखा. उजवी बाजू मात्र नुसती कोरी. त्याला वाटलं, कारागीर काम अर्धं टाकून उठून गेला असावा.

साहेब नोकरीच्या परीक्षेसाठी शिकलेलं पुस्तकी मराठी बोलायचा. "ही जपान देशाची पद्धत आहे. विलायतेत सध्या लोकांना आवडते," तो म्हणाला. मग बोट पंख्यावर ठेवलं. "येथे एक नाव आहे. ते काढून टाकावे. जागा स्वच्छ करावी. नवीन काही लिहू नये."

विश्राम वाकून बघू लागला. पंख्याच्या घड्यांवर पाच अक्षरं होती. पहिलं फणीसारखं, तीन दात्यांचं. मग दोन उभ्या काठ्या. मग पुन्हा फणी.

"साहेब, काम फार सुबक आहे. नाव राहिलं तरी..."

"काढून टाकावे," साहेब म्हणाला आणि आत निघून गेला.

दाराशी आवडाबाई उभी होती. डोंबिवलीजवळच्या कोपरची बाई. तिचा नवरा भिवा तिथल्या मिठागरावर काम करायचा आणि ती सात वर्षं या बंगल्यात आया म्हणून होती. चहादाणी फडक्यात गुंडाळून तिनं त्याच्या हातात दिली. फाटकापर्यंत ती त्याच्याबरोबर आली.

"कुणाचं नाव आहे हे, आवडाबाई?"

"तुमी इचारू नका, शेट."

"पहिल्या मडमेचं ना?"

आवडाबाईनं मागे बंगल्याकडे बघितलं. "एलन बायचा. साहेबानं सांगितलाय, या घरात त्ये नाव कुनी काडायचा नाय. तीन वर्सां जाली, कुनी काडला पन नाय." आणि ती लगबगीनं परत फिरली.

घरी विश्रामनं चहादाणी घट्ट धरण्यासाठी राळेवर बसवली आणि काम सुरू करणार, तेवढ्यात त्याची बायको सगुणा आतून पाणी घेऊन आली. सगुणा त्याची दुसरेपणाची. पहिली रखमा, चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, पोरही गेलं. सगुणाच्या गळ्यात काळ्या पोतीत चांदीचा एक टाक होता. रुपयाएवढ्या पत्र्यावर बाईचा मुखवटा, कपाळावर कुंकवाचा ठिपका. सवतीचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा मुखवटा गळ्यात घालायचा, सणासुदीला तिला आधी नैवेद्य दाखवायचा, म्हणजे गेलेली बाई घरात कोप धरत नाही. हा टाक विश्रामनंच घडवला होता. सगुणा रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायच्या आधी त्याला लावायची.

"नाव कुणाचं?" तिनं विचारलं.

"साहेबाच्या आधीच्या बायकोचं. पुसायचंय."

"पुसायचं?" सगुणा तिथेच थांबली. "मेलेल्या बाईचं नाव? नव्या मडमेसाठी?"

"त्यांच्यात टाक वगैरे नसतो."

"नसेल. पण पुसतही नसतील."

"अगं, सांगितलेलं काम करतो मी," विश्राम म्हणाला. "नाही केलं तर साहेबाला काय सांगू?"

सगुणा पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

त्यानं नाव खरवडलं, बारीक कानस फिरवली, पंख्याच्या घड्या पुन्हा कोरून घेतल्या आणि ओपणीनं घासून चकचकीत ओप दिला. दुपार कलेपर्यंत तिथं कधी काही लिहिलेलं होतं असं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

चहादाणी बंगल्यावर पोचती केली, त्याच्या चौथ्या दिवशी आवडाबाई स्वतः दुकानात आली. फडक्यात तीच चहादाणी.

"शेट, नाव परत आला."

"काहीतरीच काय!"

"माज्या डोल्यांनी बगितला. चार वाजता चा नेला. किटलीचा उकलता पानी वतला, वाफ आली, न् पंख्यात पयला अक्शर, मग येकामागून येक. नवी मडम बगतच रायली. मना इचारते, हे कोनाचा नाव? मी काय सांगू?"

"साहेब काय म्हणाले?"

"साहेब उटून ग्येलं. चा तसाच रायला." आवडाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आनि येक सांगते. कुनाला बोलू नका. मी चाचं दोन कप मांडते. दोनच. मोजून. न् मडम बसायला येते तवा तीन अस्तात. तिसरा खिरकीकडं. पयली मडम बसायची तितं."

"तूच सवयीनं मांडत असशील."

"आसंल," आवडाबाई म्हणाली. "पन मना आटवत नाय."

विश्रामनं तिला समजावून सांगितलं. कोरायचं कलम चालतं तिथली चांदी दाबली जाते, घट्ट होते. वरचं खरवडलं तरी तळाचा दाब राहतो आणि वाफ बसली की तेवढी जागा वेगळी उमटते. असं होतं कधी कधी. त्यात भुताखेताचं काही नाही. हे सांगताना त्याचा स्वतःचाही विश्वास होता.

या वेळी त्यानं घाई केली नाही. जागा तापवून मऊ केली, आतून बारीक ऐरण लावून हातोडीनं हलके हलके ठोकली, पुन्हा खरवडली. पत्रा आता कागदासारखा पातळ झाला होता. ओप देऊन त्यानं त्यावर फुंकर घातली. श्वासाचं धुकं बसलं आणि विरलं. काही नव्हतं. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. तो श्वासही चहादाणीवर गेला, आणि त्या दुसऱ्या धुक्यात तीन दात्यांची फणी उभी राहिली. मग दोन काठ्या. मग उरलेली दोन.

भर दुपार होती. समोर रस्त्यानं गवताच्या गाड्या चालल्या होत्या. विश्रामनं चहादाणी पालथी घालून वर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा कुंकवाचा करंडा हातात घेऊन तशीच दुकानात आली. चेहरा पांढराफटक.

"ऐकलंत का, हे बघा बरं."

तिनं टाक पुढे धरला. मुखवटा सपाट झाला होता. नाक नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे. ओठांची रेघ तेवढी अस्पष्ट उरली होती, जिभेनं चाटून चाटून झिजवल्यासारखी.

"राखेनं घासलंस का?"

"मी हात लावत नाही हो त्याला. नुसतं कुंकू लावते. काल सकाळी नीट होत्या त्या. मी रोज बघते ना."

विश्रामनं टाक हातात घेतला. काम त्याचंच होतं, पत्रा त्याच्याच हातचा. असा पत्रा झिजायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तो कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत बसला. मग म्हणाला, "दे इकडे. पुन्हा काढतो. तासाभराचं काम."

त्यानं टाक राळेवर बसवला आणि कलम घेतलं. कलम पत्र्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

सगुणा दाराशी बसून होती. बराच वेळ गेला तशी तिनं विचारलं, "काय झालं?"

विश्रामनं कलम उचललं आणि पुन्हा तिथेच टेकवलं.

"कशा दिसायच्या त्या?"

हा प्रश्न त्याला चार वर्षांत कुणी विचारला नव्हता.  त्यानं डोळे मिटले. लुगड्याचा रंग आठवला, चालताना वाजणारी जोडवी आठवली, पण वर चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. नुसतं गुळगुळीत, ओप दिल्यासारखं. सहा वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती बाई त्याला दिसत नव्हती. 

"मला आठवत नाही गं," तो म्हणाला. 

सगुणा उठून त्याच्याजवळ येऊन बसली. ती एकोणीस-वीस वर्षांची पोर, रखमेला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. "तुम्ही कधी त्यांचं बोलत नाही," ती म्हणाली. "मी आपली मनात ताई ताई करते. नाव तरी घ्या ना एकदा."

"कशाला?"

"घ्या तर."

विश्रामनं तोंड उघडलं. चार वर्षांत तो शब्द त्याच्या जिभेवर आला नव्हता. लोक सांत्वनाला आले तेव्हाही तो 'ती' म्हणायचा. दुसरं लग्न ठरलं तेव्हा 'आधीची' म्हणाला.

"रखमा," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "रखमा."

आणि त्याला भुवई आठवली. डावी भुवई मधोमध तुटलेली. नव्यानं या घरात आली तेव्हा ती याच दुकानात शेगडी फुंकायला बसली होती आणि ठिणगी उडून भुवईवर बसली. रडायचं सोडून ती हसत सुटली होती. त्या तुटक्या भुवईला धरून डोळा आला, डोळ्यापासून नाक आलं, आणि थोडी पुढे आलेली हनुवटी. विश्राम रडत होता आणि कलम चालवत होता. सगुणा मधे मधे विचारत होती, "कान टोचलेले होते? नथ कुठली घालायच्या?" आणि तो सांगत होता. दुपारपर्यंत मुखवटा तयार झाला. आधीच्या टाकावर नुसती एक बाई होती. ही रखमा होती, तुटक्या भुवईची.

सगुणानं टाक गळ्यात घातला, त्याला कुंकू लावलं आणि मग स्वतःला लावलं. "आता ती चहादाणी परत देऊन या," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा हात लावू नका तिला."

त्याच दिवशी चारच्या सुमाराला तो बंगल्यावर गेला. साहेब कचेरीतून आला नव्हता. व्हरांड्यात नवीन मडम एकटीच बसली होती. तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं नाक सोललेली, सरळ नजरेनं बघणारी बाई. आवडाबाईला तिचं बोलणं समजायचं. मधे उभं राहून ती दोघांचं एकमेकांना सांगू लागली.

"मडम इचारते, काम जाला का?"

"नाही झालं. होणार नाही म्हणावं. आता खरवडलं तर भोक पडेल. आणि भोक पडेल म्हणूनच नाही. मला करायचंच नाही. साहेबांना राग येईल, येऊ दे."

आवडाबाई चमकून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं सांगितलं. मडमेनं चहादाणी हातात घेतली, तोंडाजवळ नेली आणि स्वतःच तिच्यावर श्वास सोडला. नाव उमटलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. त्या घरात तीन वर्षांनी ते नाव कुणाच्या तरी तोंडून आलं, आणि आवडाबाई मटकन खाली बसून पदरात तोंड घालून रडू लागली.

साहेब तेवढ्यात पायऱ्या चढून वर आला. त्यानं ते ऐकलं होतं. तो पायरीवरच थांबला.

मडम ओरडली नाही. तिनं खिडकीजवळची रिकामी खुर्ची पुढे ओढली आणि बस म्हणून हात केला. साहेब बसला.  मग बोलू लागला, आपल्या भाषेत, हळू, थांबत थांबत. विश्रामला एक शब्द कळत नव्हता. तो जायला निघाला, पण आवडाबाईनं त्याचं धोतर धरून खाली बसवलं, आणि डोळे पुसत कुजबुजत त्याला सांगू लागली. तिला साहेबाचं बोलणं ऐकायचीही गरज नव्हती. तिनं ते सगळं पाहिलं होतं.

वैशाखात साहेब कोपरच्या मिठागरांच्या फिरतीवर निघाला होता. एलन बाय यायला तयार नव्हती. तंबूत एकट्याला करमत नाही म्हणून त्यानंच तिला गळ घातली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, पाचव्या दिवशी ती गेली. तेव्हा डोंबिवलीला स्टेशन नव्हतं, ओहोटीची वेळ, होडी चिखलात बसलेली, आणि वैशाखातलं ऊन; तिला ठाण्याला नेता येईना. तिथेच बांधाजवळ उंचवट्यावर तिला पुरली. लाकडाचा क्रूस रोवला. दगड पावसाळ्यानंतर बसवायचं ठरलं. पण श्रावणातल्या उधाणात बांध फुटला आणि खाडी आत शिरली. पाणी हटल्यावर साहेब स्वतः गुडघाभर चिखलात उतरला. भिवा आणि दहा माणसं आठ दिवस फावड्यांनी शोधत होती. ना क्रूस सापडला, ना जागा. नवव्या दिवशी साहेब बंगल्यावर आला, तिची पत्रं, तसबिरी सगळं जाळलं, आणि म्हणाला, नाव काढू नका. चहादाणी तेवढी कपाटाच्या मागच्या अंगाला राहून गेली होती. ती नव्या मडमेनं काढली.

साहेबाचं बोलणं संपलं. मडम उठली आणि विश्रामसमोर येऊन उभी राहिली. काही म्हणाली.

"बोलते," आवडाबाईनं सांगितलं, "नाव परत कोरता येल का? पयल्यासारका?"

"येईल. पत्रा पातळ आहे, हलक्या हातानं करावं लागेल."

"कागदाव लिवून द्यू?"

"नको," विश्राम म्हणाला. "ती अक्षरं मला पाठ आहेत."

तो तिथेच व्हरांड्यात बसला. साहेब समोरच्या खुर्चीत बसून प्रत्येक रेघ बघत होता. फणीचे तीन दाते, दोन काठ्या, पुन्हा फणी, शेवटचं अक्षर. चहा त्यानंतर आला. कप तीन होते. या वेळी तिसरा मडमेनं स्वतःच्या हातानं मांडला, आणि पुढेही रोज तीच मांडू लागली, असं आवडाबाई सांगायची.

त्या आठवड्यातच साहेबानं कोपरला जायचं ठरवलं. विश्रामलाही बोलावलं. दगड बसवायचा होता, त्यावरच्या अक्षरांचं मोजमाप त्यानं घ्यावं, पाथरवट नंतर छिन्नी चालवेल. सकाळच्या गाडीनं साहेब, मडम, आवडाबाई आणि विश्राम अशी चौघं डोंबिवलीला उतरली आणि शेतांतून चालत मिठागरांकडे गेली. भिवा नव्या बांधावर वाट बघत उभा होता. काळाकभिन्न, मिठानं पायाच्या भेगा पांढऱ्या पडलेला माणूस. खाडीला ओहोटी होती. जुन्या बांधाच्या जागी आता तिवरं वाढली होती आणि त्यांच्यापलीकडे चिखल चकाकत होता.

"दगड येथे बसवू," साहेब नव्या बांधाकडे बोट करून म्हणाला. "खरी जागा कोठे होती ते आता कोणाला ठाऊक नाही."

भिवा बायकोकडे बघू लागला. आवडाबाई खाली बघत होती.

"मना म्हाईत हाय, साहेब," भिवा म्हणाला.

साहेब वळून त्याच्याकडे बघू लागला.

"तुमी ठान्याला ग्येलं, त्याच्या दोन-तीन म्हयन्यांनी मोटी ओहोटी आलती. कार्तिकात. तवा क्रूसाचा बूड दिसला मना. मोडलेला. मी खूनगाट क्येली."

"तुम्ही मला का सांगितले नाही?" साहेबाचा आवाज एकदम चढला. "तीन वर्षे! का सांगितले नाही?"

"तुमीच बोलल्ये, साहेब," भिवा शांतपणे म्हणाला. "कुनी तिचा नाव काडू नका. नाव नाय काडायचा तर सांगू कसा?"

 कुणीतरी छातीत ढकलल्यासारखा साहेब एक पाऊल मागे सरला.

भिवा बांधावरून उतरला. एका वाकड्या तिवराला हात लावून तो खाडीच्या दिशेनं पावलं मोजत चिखलात गेला. घोटे बुडाले, मग पोटऱ्या. सत्ताविसाव्या पावलाला तो थांबला.

"हितं."

आधी मडम उतरली. बूट आणि मोजे काढून तिनं बांधावर ठेवले, झग्याचा घोळ एका हातानं वर धरला आणि चिखलातून पाय उपसत भिवाजवळ जाऊन उभी राहिली. मग मागे वळून तिनं हात पुढे केला. साहेब बुटांसकट उतरला. तिथं पोचल्यावर त्यानं टोपी काढली आणि एकदाच तिला हाक मारली, माणूस घरात शिरताना मारतो तशी. बांधावर विश्रामला ती स्वच्छ ऐकू आली. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला, पण भीती वाटली नाही.

भरती लागली होती. चिखलातल्या भेगा आधी भरल्या, मग पाणी घोट्यांवर चढलं. "चला, साहेब," भिवा म्हणाला. साहेब हलला नाही. पाणी गुडघ्याला आलं तशी मडमही त्याची बाही ओढू लागली, तरी तो तसाच पायांखाली बघत उभा होता.

शेवटी आवडाबाईनं काष्टा खोचला आणि पाण्यात उतरली. सात वर्षांत तिनं साहेबाला कधी हात लावला नव्हता. आता तिनं त्याचं मनगट धरलं. "चल बाबा," ती म्हणाली, "तू आलास त्ये तिला आता म्हाईत पडला." आणि ती त्याला हळूहळू बांधाकडे घेऊन आली.